सतत प्रवास करणाऱ्यांसाठी उपकरणे, भेटवस्तू आणि सुरक्षासाधने : ठाणे व नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याहून आठवड्याला पुणे गाठणारे, पनवेलहून रात्रीच्या गाडीने कोकणात जाऊन सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर होणारे, ऐरोली-महापे भागातून कामानिमित्त बंगळुरू, दुबई किंवा सिंगापूरला जाणारे असे प्रवासी आता जवळपास प्रत्येक सोसायटीत आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि या प्रवाशांबरोबरच त्यांच्या घरच्यांचे प्रश्नही वाढले. बाजारात प्रवासाच्या नावाखाली मिळणाऱ्या वस्तूंपैकी बऱ्याच वस्तू पहिल्या फेरीनंतर माळ्यावर जातात, आणि काही तर विमानतळावरच काढून ठेवाव्या लागतात. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत वस्तूच्या पाठीवर, तळाशी किंवा चिठ्ठीवर काय छापले आहे ते आधी वाचण्याचा आग्रह धरला आहे.

पॉवर बँक किती क्षमतेची घ्यावी?

बहुतेकांसाठी १०,००० एमएएच पुरेशी होते, आणि लॅपटॉपही चार्ज करायचा असेल किंवा दोघांचे फोन सांभाळायचे असतील तर २०,००० एमएएच घ्यावी. त्यापुढे जाण्याची गरज क्वचितच पडते. मात्र पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यावर निर्णय न घेता पॉवर बँक उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचावा. तेथे तीन गोष्टी सापडल्या पाहिजेत. पहिली म्हणजे वॉट-अवरमधील क्षमता. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर असे लिहिलेले असते, कारण एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-अवर मिळतात. दुसरी म्हणजे ‘रेटेड कॅपॅसिटी’, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता. २०,०००च्या पॉवर बँकेवर हा आकडा बहुधा १२,००० ते १३,०००च्या आसपास दिसतो आणि त्यात फसवणूक काही नसते. आतील सेलचा व्होल्टेज वाढवून फोनला देताना काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि मोजण्याचा व्होल्टेजही बदलतो. त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन अशा पॉवर बँकेवर चार वेळा चार्ज होईल असे वाटले, तरी प्रत्यक्षात जेमतेम तीन वेळा होतो. तिसरी गोष्ट म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि त्याखालचा ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या उत्पादकाच्या आणि कोणत्या वस्तूच्या नावावर आहे ते समजते. क्रमांक नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर ती पॉवर बँक कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये.

ही पॉवर बँक विमानात चालते का?

हातातील सामानात चालते. चेक-इन केलेल्या बॅगेत कधीही चालत नाही. लिथियमची सुटी बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती लगेच दिसते आणि विझवता येते, सामानाच्या कप्प्यात तसे करता येत नाही, हे त्यामागचे कारण आहे. १०० वॉट-अवरपर्यंतच्या पॉवर बँकेला वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० वॉट-अवरसाठी विमान कंपनीची आगाऊ संमती लागते आणि १६०च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे ३०,००० एमएएचची पॉवर बँक, जी १११ वॉट-अवर होते, सोयीच्या मर्यादेबाहेर पडते. वॉट-अवरचा आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत वाद घालण्यात अर्थ नसतो, त्यामुळे जुन्या पॉवर बँकेची छपाई अस्पष्ट झाली असेल तर ती घरी वापरावी.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वी पेटले. आतील सर्वांना बाहेर काढता आले, पण आगीच्या कारणाचा संशय पॉवर बँकेवर आल्याने त्यानंतर नियम भराभर कडक झाले. दक्षिण कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येकी एकच पॉवर बँक, तीही १०० वॉट-अवरच्या आतील, आणि विमानात तिचा वापर पूर्णपणे बंद असा नियम केला. चीनच्या देशांतर्गत उड्डाणांत २८ जून २०२५ पासून त्या देशाचे सुरक्षा प्रमाणनाचे ‘थ्री-सी’ चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, त्यामुळे शेन्झेन किंवा ग्वांगजोच्या व्यापारी फेरीवर जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. तिकिटाबरोबर आलेली सूचना प्रत्येक वेळी वाचावी.

पॉवर बँक फुगली आहे, पण अजून चालते. वापरावी का?

मुळीच नाही. ती चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. तोपर्यंत ती कापड, कागद आणि अंथरुणापासून दूर, मोकळ्या जागी ठेवावी.

परदेशासाठी कोणता अडॅप्टर घ्यावा? ‘युनिव्हर्सल’ लिहिलेला घेतला की झाले का?

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, ही गोष्ट दुकानात फारशी सांगितली जात नाही. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पिनांचा ‘जी’ प्रकार आहे. युरोपच्या मोठ्या भागात दोन गोल पिना चालतात, अमेरिका आणि जपानमध्ये दोन चपट्या पिना, तर ऑस्ट्रेलियात तिरप्या चपट्या पिना. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट वीज असते. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल तर तो जगात कोठेही चालतो आणि केवळ पिना बदलल्या की पुरते. इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, पाण्याची किटली या वस्तू मात्र बहुधा एकाच व्होल्टेजच्या असतात. भारतातील किटली अमेरिकेत पाणी फारच सावकाश तापवते. तिकडून हौसेने आणलेले १२० व्होल्टचे यंत्र येथे २३० व्होल्टवर लावले तर ते जळते, आणि कधीकधी सॉकेटही घेऊन जाते.

वारंवार एकाच देशात जाणाऱ्याने सर्व देशांच्या पिना असलेला अवजड ठोकळा न घेता त्या देशाचा साधा, फ्यूज असलेला अडॅप्टर घ्यावा. ठोकळा सैल सॉकेटमधून स्वतःच्या वजनाने लोंबकळतो आणि संपर्क तुटत राहतो. त्याबरोबर ६५ वॉटचा, दोन-तीन यूएसबी-सी तोंडांचा गॅलियम नायट्राइडचा (म्हणजे लहान आकारात जास्त शक्ती देणारा) एकच चार्जर घेतला की फोन, इअरबड आणि बहुतेक हलके लॅपटॉप यांचे वेगवेगळे चार्जर घरी राहू शकतात. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचे केल्यामुळे एका केबलवर भागण्याचे दिवस खरोखर आले आहेत.

टीएसए कुलूप लावले की बॅग सुरक्षित राहते का?

नाही, आणि हे शांतपणे समजून घेण्यासारखे आहे. टीएसए ही अमेरिकेची विमानतळ सुरक्षा संस्था आहे. तिच्या कर्मचाऱ्यांना बॅग तपासताना कुलूप तोडावे लागू नये म्हणून त्यांच्याकडील ठरावीक किल्ल्यांनी उघडणारी ही कुलपे बनवली गेली. त्या मुख्य किल्ल्यांचे छायाचित्र एका वृत्तपत्रात छापले गेल्यानंतर २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून थ्री-डी प्रिंटरवर किल्ल्या तयार केल्या. अमेरिकेला जाताना कुलूप तुटू नये एवढाच या कुलपाचा उपयोग मानावा.

त्याहून मोठी अडचण कुलपात नसून चेनमध्ये आहे. चेनची दोन्ही टोके कुलपात अडकवलेली असताना बॉलपेनचे टोक दातऱ्यांमध्ये मध्येच जोराने खुपसले तर दातऱ्या बाजूला होतात आणि बॅग उघडते. आतील वस्तू काढून झाल्यावर तीच कुलूपबंद टोके डावीकडून उजवीकडे एकदा फिरवली की दातऱ्या पुन्हा जुळतात आणि बॅगेला कोणी हात लावला होता याची खूणही राहत नाही. दागिने, रोख रक्कम, औषधे आणि मूळ कागदपत्रे चेक-इन बॅगेत ठेवू नयेत हा सल्ला यासाठीच दिला जातो. ज्यांना महागडे साहित्य चेक-इन करावेच लागते, त्यांनी चेन नसलेली, ॲल्युमिनियमच्या चौकटीची आणि खिट्ट्यांनी बंद होणारी बॅग घ्यावी. ती जड असते, पण तिचा सांधा पेनाने उघडत नाही. बॅग बंद करण्यापूर्वी आतील सामानाचे आणि बाहेरून बॅगेचे छायाचित्र काढून ठेवले तर तक्रार लिहिताना फार उपयोग होतो.

रात्रीच्या रेल्वे प्रवासासाठी साखळी-कुलूप घ्यावे का?

अवश्य घ्यावे. आपल्या प्रवासात याच्याइतकी स्वस्त आणि उपयोगी वस्तू दुसरी नाही. खालच्या बर्थखाली सामान बांधण्यासाठी तारेच्या किंवा लोखंडी कड्या दिलेल्या असतात. साखळी बॅगेच्या हँडलमधून ओवावी, आणि बॅगेला वरचे व बाजूचे अशी दोन हँडले असतील तर दोन्हींतून, कारण एकच हँडल कापणे सोपे असते. प्लास्टिकचे आवरण असलेली पोलादी तार वजनाला हलकी पडते, आवाज करत नाही आणि बॅगेला ओरखडेही पाडत नाही. आकड्यांचे कुलूप घेतल्यास अंधारात किल्ली शोधावी लागत नाही. मात्र ००० हा कारखान्यातील क्रमांक बदलायचा अनेकांच्या ध्यानातच राहत नाही.

धावत्या गाडीत चोरी झाली तर प्रवास मध्येच सोडून उतरण्याची गरज नसते. तिकीट तपासनीस, गार्ड किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांकडे तक्रारीचा नमुना मिळतो; तो भरून दिला की पुढील स्थानकावरील रेल्वे पोलिसांकडे जातो. १३९ हा रेल्वे मदतवाहिनीचा क्रमांक आणि रेल मदद ॲप फोनमध्ये आधीच घालून ठेवावे.

ट्रॅकर घेतला की बॅग हरवणार नाही ना?

बॅग हरवू शकते. ती कोठे आहे हे कळण्याची शक्यता मात्र पुष्कळ वाढते. ॲपलचा एअरटॅग किंवा जिओटॅगसारख्या लहान ट्रॅकरमध्ये उपग्रहाशी बोलणारे जीपीएस नसते. तो ब्लूटूथवरून आसपासच्या फोनना आपली ओळख देतो आणि त्या फोनच्या ठावठिकाण्यावरून आपल्याला जागा दिसते. म्हणून गर्दीच्या विमानतळावर किंवा दादर स्थानकावर तो उत्तम चालतो. कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात, किंवा घाटातल्या निर्मनुष्य वळणावर, तो शेवटची माहीत असलेली जागाच दाखवत राहतो. वेळ किती जुनी आहे ते पाहिल्याशिवाय नकाशावरच्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नये. एअरटॅग ॲपलच्या फोनशीच जोडता येतो, त्यामुळे भेट देताना समोरच्याचा फोन कोणता आहे ते आधी विचारावे.

यातील सीआर२०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीत लिथियमचे प्रमाण इतके अल्प असते की असा ट्रॅकर चेक-इन बॅगेत ठेवण्यास हरकत नसते. घरात लहान मूल असेल तर सुट्या बॅटऱ्या कुलुपात ठेवाव्यात. नाण्यासारखी बॅटरी गिळली गेल्यास काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते, त्यामुळे नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावे.

लोकलच्या दारात उभे असताना फोन कसा जपावा?

ठाणे–कल्याण पट्ट्यात ‘फटका’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रुळांलगत खांबावर किंवा कठड्यावर उभा असलेला चोर काठीने हातावर फटका मारतो, फोन खाली पडतो आणि तो उचलून पसार होतो. हा प्रकार केवळ चोरीचा नाही. फोन वाचवण्याच्या झटक्यात प्रवासी तोल जाऊन पडले आहेत, काहींनी हातपाय गमावले आहेत. मनगटाला किंवा गळ्याला अडकवायची दोरी गर्दीत खिसेकापूपासून फोन वाचवते, परंतु दारात ती धोक्याची ठरते, कारण फोनबरोबर हातही बाहेर ओढला जातो. दारात फोन बाहेर काढूच नये, हेच एकमेव उत्तर आहे. बोलणे टाळता येत नसेल तर इअरफोन वापरून फोन आतल्या खिशात ठेवावा. पाठीवरची सॅक पुढे छातीवर घ्यावी किंवा फळीवर ठेवावी; त्यात मागच्या माणसाचीही सोय आहे.

फोन गेलाच, तर पोलीस तक्रारीची प्रत घेऊन संचार साथी संकेतस्थळावर त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, अवरुद्ध करता येतो. ही सुविधा मे २०२३ पासून देशभर उपलब्ध आहे. तो क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो. आजच तो कागदावर लिहून घरी ठेवावा, कारण फोन गेल्यावर तो पाहायला फोनच नसतो. बँकेचे ॲप फोनमध्ये असेल तर लगेच बँकेला कळवावे आणि पैसे वळते झाल्याचे दिसताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर तक्रार करावी.

आरएफआयडी रोखणारे पाकीट घ्यावे का?

हे पाकीट कार्डातील चिप बाहेरून रेडिओ लहरींनी वाचू देत नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे खर्च करण्यासारखे नाही. स्पर्शाविना चालणारे कार्ड काही सेंटिमीटर अंतरावरूनच वाचले जाते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो, ही चिंता रास्त आहे. पण बँकेच्या ॲपमध्ये ही सोय बंद करता येते किंवा तिची मर्यादा कमी करता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पाकीट आवडले म्हणून घ्यावे, भीतीपोटी नको.

स्थानकावरच्या किंवा विमानतळावरच्या यूएसबी तोंडाला फोन लावावा का?

शक्यतो लावू नये, कारण अशा तोंडातून विजेबरोबर फोनमधील माहितीचीही देवाणघेवाण होऊ शकते. स्वतःचा चार्जर थेट विजेच्या सॉकेटला लावावा किंवा स्वतःची पॉवर बँक वापरावी. रेल्वेच्या अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत चार्जिंगची सोय बंद ठेवली जाते, त्यामुळे झोपण्यापूर्वीच चार्जिंग उरकून घ्यावे.

गाडीत विजेची किटली नेली तर चालेल का? घरी लहान बाळ आहे.

गाडीतील सॉकेट फोन आणि लॅपटॉपसाठी आहे. किटलीसारख्या जास्त वीज ओढणाऱ्या उपकरणाने आग लागू शकते आणि त्यासाठी कारवाईही होते. बाळाच्या दुधासाठी दुहेरी भिंतीचा पोलादी थर्मास घ्यावा. प्रवासाच्या आधी तो दहा मिनिटे उकळत्या पाण्याने भरून ठेवून रिकामा करावा आणि मग पुन्हा गरम पाणी भरावे. एवढ्याने पाणी बराच जास्त वेळ गरम राहते.

एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीला कोणती सुरक्षासाधने द्यावीत?

हा प्रश्न बहुतेक वेळा आई-वडील विचारतात. त्यांच्या काळजीचा मान राखूनही सांगावेसे वाटते की वस्तू निवडताना मुलीला बरोबर घ्यावे, नाहीतर ती वस्तू बॅगेच्या तळाशीच राहते. मिरपुडीचा फवारा शहरात जवळ बाळगता येतो, पण विमानात तो हातातील सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही चालत नाही. जी मुलगी रिक्षा, रेल्वे आणि विमान असा मिश्र प्रवास करते, तिच्यासाठी तो नेमका गरजेच्या गावी हाताशी नसतो. त्याऐवजी पिन ओढताच कर्कश आवाज करणारा सुरक्षा अलार्म सर्वत्र चालतो. तो बॅगेच्या आत नव्हे, बाहेरच्या पट्ट्याला अडकवावा आणि घरी एकदा वाजवून पाहावा, म्हणजे प्रसंगी हात आपोआप तेथे जातो.

हॉटेलच्या खोलीसाठी दाराखाली सरकवायची आवाज करणारी पाचर अतिशय उपयोगी आहे. दार आतल्या बाजूला उघडत असेल तरच ती काम करते. रबराचा तळ फरशीवर सरकत नाही ना, हे दुकानात पाहून घ्यावे. छुपे कॅमेरे शोधणारी यंत्रे मात्र भरवशाची वाटत नाहीत. स्वस्त यंत्रे वायफायच्या राउटरलाही पाहून वाजतात आणि माणूस उगाच घाबरतो. त्यापेक्षा खोलीतील दिवे घालवावेत, फोनचा टॉर्च डोळ्यांजवळ धरून घड्याळ, धूरसूचक, सेट-टॉप बॉक्स आणि आरशाच्या कडा सावकाश पाहाव्यात. लेन्स असेल तर बारीक चकाकी परत येते.

११२ हा सर्व आपत्कालीन सेवांचा क्रमांक आणि १८१ ही महिला मदतवाहिनी तोंडपाठ असावी. फोनमधील आपत्कालीन संदेशाची सोयही आधीच सुरू करून, घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक घालून ठेवावी.

पावसाळ्यासाठी ‘वॉटरप्रूफ’ बॅग घ्यावी का?

बॅगेवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तरी तिची चेन आणि शिवण पाणी आत घेते. ठाण्याच्या जुलैत पंधरा मिनिटे उघड्यावर उभे राहिले की हे समजते. बॅगेला रेनकव्हर आणि आत लॅपटॉपसाठी गुंडाळून बंद होणारी पिशवी, अशी दुहेरी व्यवस्था खात्रीची आहे. विजेवरच्या वस्तू घेताना ‘आयपी’पुढील आकडे वाचावेत: पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स४ म्हणजे चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे चालतात. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पहिल्या आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल तर धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. चार्जिंगच्या तोंडात ओल असताना केबल लावू नये. परतल्यावर बॅग रिकामी करून पंख्याखाली वाळवावी, नाहीतर गणपतीपर्यंत तिला बुरशी लागते.

मधुमेह असलेल्या ज्येष्ठांच्या प्रवासासाठी काय घ्यावे?

न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते गोठले तर निकामी होते. म्हणून ते चेक-इन बॅगेत कधीही ठेवू नये, आणि बर्फाच्या पिशवीला थेट टेकवूनही ठेवू नये. मध्ये नॅपकिन असावा. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालते, मात्र नेमकी मुदत आणि तापमान औषधाच्या चिठ्ठीवर पाहावे. उन्हाळ्यात सोलापूर किंवा नागपूरकडे जाताना पाण्यात भिजवून बाष्पीभवनाने थंड राहणारी पिशवी उपयोगी पडते. तिला फ्रीज लागत नाही, हवा मात्र लागते; ती बंद डब्यात ठेवली तर तिचा उपयोग होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ वेष्टनासह हातातील पिशवीत असावी. आखातात जाणाऱ्यांनी कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधे परवानगीशिवाय नेऊ नयेत.

स्वतःच्या मोटारीने पुणे-नाशिक करणाऱ्यासाठी कोणती साधने घ्यावीत?

सर्वांत आधी हवेचा दाब मोजणारे साधन आणि १२ व्होल्टवर चालणारा लहान हवा भरण्याचा पंप. आमणे ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाल्यापासून ठाणेकरांना तासन्तास एकाच वेगाने गाडी चालवता येते आणि टायर तापत जातात. दाब टायर थंड असतानाच मोजावा आणि तो किती असावा हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत पाहावे. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक असतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसत असूनही असा टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये, कारण रबर वयाने कडक होते.

काच फोडण्याची हातोडी आणि पट्टा कापण्याचे पाते एकत्र मिळते. ते डिकीत न ठेवता बसल्या जागी हात पोहोचेल तेथे लावावे. ते बाजूच्या टणक काचेच्या कोपऱ्यावर मारायचे असते. समोरची काच थरांची असल्याने अशा हातोडीने मोकळी होत नाही. परावर्तक त्रिकोण गाडीपासून पुरेशा अंतरावर मागे ठेवावा आणि घरच्यांना कठड्यापलीकडे उभे करावे.

भेट म्हणून नेमके काय द्यावे?

निघताना हातावर दही-साखर देण्याची आपली रीत आहे. भेटवस्तूही अशीच, ओझे न वाढवणारी असावी. बॅग तोलण्याचा हातातला डिजिटल काटा ही माझ्या मते सर्वांत चांगली लहान भेट आहे, कारण देशांतर्गत विमानात साधारण सात किलो हातातील आणि अनेक कंपन्यांत पंधरा किलो चेक-इन सामानाची मर्यादा असते आणि जादा किलोचे पैसे दर वेळी जातात. केबिन बॅग देत असाल तर तिचे रिकामे वजन पाहावे; साडेतीन किलोची देखणी बॅग प्रवाशाच्या सातपैकी निम्मे वजन स्वतःच खाते. जिच्यातील बॅटरी काढता येत नाही अशी ‘स्मार्ट’ बॅग अजिबात देऊ नये, २०१८ पासून विमान कंपन्या ती स्वीकारत नाहीत. चारधामला जाणाऱ्या आई-वडिलांना कपाळावर बांधायचा टॉर्च द्यावा. केदारनाथच्या चढणीवर दोन्ही हात काठीला आणि कठड्याला लागतात. दुचाकीवर फिरणाऱ्याला आयएसआय चिन्हाचे, त्याच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट द्यावे, आणि माप घ्यायला त्यालाच दुकानात न्यावे.

दुबईतल्या मुलाला फराळ पाठवायचा आहे. काही अडचण?

अडचण आहे, आणि ती अनारशात आहे. अनारशाच्या एका बाजूला लावलेली खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या नियमांत बंदी असलेली वस्तू आहे. जे दाणे आपण तुपात तळताना वर राहतील अशी काळजी घेतो, त्याच दाण्यांसाठी तेथे प्रवाशांना अटक झालेली आहे. म्हणून अनारसे बिनखसखशीचे करावेत किंवा पाठवूच नयेत. घरच्या मालवणी आणि गोड्या मसाल्यातही खसखस असू शकते. मसाला कांडणाऱ्या ताईंना विचारून खात्री करावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात मोडतात, त्यामुळे विमान कंपन्या त्या नेऊ देत नाहीत. चकली, चिवडा, शंकरपाळे यांना सहसा हरकत नसते. तूप आणि तेलाचे लोणचे चेक-इन बॅगेत दुहेरी पिशवीत घालावे, कारण आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातील सामानात १०० मिलिलीटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून काय मागवू नये?

सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी गिर्यारोहणाची यंत्रे मागवू नयेत. सह्याद्रीत भटकणाऱ्या तरुणांना त्यांचे आकर्षण असते, पण भारतात ती सरकारी परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे आणि आणणाऱ्या पाहुण्यालाच विमानतळावर अडकावे लागते. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. हरिश्चंद्रगड किंवा नाणेघाटाला जाणाऱ्यांनी शिट्टी, टॉर्च आणि पूर्ण चार्ज केलेला साधा फोन बरोबर ठेवावा आणि परतीची वेळ लिहिलेला कागद मागे घरी ठेवावा.

खरेदी कोठे करावी, ऑनलाइन की दुकानात?

चार्जर, केबल आणि ट्रॅकर यांत नकली माल इतका आहे की कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिल घेऊन खरेदी करावी. बॅग, साखळी, पाचर, हेल्मेट या हाताळून पाहायच्या वस्तू आहेत. त्यांसाठी ठाण्यात जांभळी नाका किंवा गोखले रोड, नवी मुंबईत वाशीचा सेक्टर १७ येथे स्वतः जावे. बॅग घेताना ती भरलेली असल्यासारखी दाबून चाके खडबडीत फुटपाथवर फिरवून पाहावीत, हँडल पूर्ण वर ओढून हलवावे आणि चेन कोपऱ्यावर अडकते का ते पाहावे. दुकानदाराने गुळगुळीत फरशीवरच फिरवून दाखवली तर बाहेर नेऊ देण्याची विनंती करावी. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. वॉरंटीत चाके आणि हँडल धरली आहेत का, हे बिलावरच लिहून घ्यावे.